अमुक अक्षर असलेला इंग्रजी शब्द शोधायचा कसा? मराठी मीडियमवाल्यांसाठी, पायरी पायरीने

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत शनिवारी रात्री जेवणं उरकली की क्लब हाउसमध्ये स्क्रॅबल चालतं, म्हणजे हातातल्या अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर जोडून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वाट्याला क्यू, व्ही, दोन आय, डब्ल्यू असं काहीतरी भयाण आलं होतं आणि मी दहा मिनिटं नुसत्या टाइल्स इकडच्या तिकडे करत बसले. समोर सी विंगमधले तमिळ काका, सत्तरीच्या पुढचे, चहाचा घोट घेत शांतपणे दोनच टाइल ठेवायचे आणि तीस-चाळीस गुण घेऊन मोकळे व्हायचे. मला वाटायचं यांचं इंग्रजी किती भारी असेल. मी कळव्यात मराठी शाळेत शिकलेली, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे हे आपलं काम नाही असं मनाशी धरूनच चालले होते.

दीड वर्षानंतर आता मी काकांना अधूनमधून हरवते. इंग्रजी माझं फारसं सुधारलेलं नाहीये, ऑफिसात मेल लिहिताना अजून अडखळते. बदललं एवढंच की शब्द शोधायची पद्धत कळली. आपल्याला शब्द माहीत असतात हो, पण शोधताना आपण स्वतःला चुकीचा प्रश्न विचारतो आणि मग डोकं कोरं पडतं. मी जे धडपडत शिकले ते क्रमाने लिहितेय. स्क्रॅबल, वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ), स्पेलिंग बी किंवा लोकलमध्ये लोक मोबाईलवर जे अक्षरं जोडायचे गेम खेळत असतात ते, सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

हाताशी काय काय हवं

फार काही नको. एक दोनशे पानी वही, पेन्सिल, मोबाईल, जमलं तर एक्सेल असलेला लॅपटॉप. आणि जाड कागदाचे शंभर तुकडे, ते मी जुन्या लग्नपत्रिका कापून केले, मागची कोरी बाजू छान लागते. घरी सराव करायला महागडा सेट लागत नाही. सेट घेणारच असाल तर दुकानातच टाइल मोजून घ्या, मी ठाण्यात स्टेशनजवळून एक स्वस्तातला सेट आणला होता त्यात ई फक्त सात निघाले. असायला हवेत बारा. पूर्ण हिशोब असा: ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, ओ ८, एन, आर, टी सहा-सहा, डी, एल, एस, यू चार-चार, जी ३, बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय दोन-दोन, आणि के, जे, एक्स, क्यू, झेड एकेकच. शिवाय २ कोऱ्या, त्या कुठलंही अक्षर म्हणून चालतात. झाले १००.

हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. हा खेळ शोधून काढणाऱ्या आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९३०च्या दशकात, मंदीत हातचं काम गेल्यावर, वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजून ठरवले. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो प्रत्येक शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करत सुटला असता. १९४८ला जेम्स ब्रुनो याने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं.

१. आधी प्रश्न कुठला आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून हे पहिलं. 'मला अमुक अक्षरं असलेला शब्द हवाय' या एका वाक्यात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात.

एक, ही अक्षरं शब्दात कुठेही असली तरी चालतील, बाकीची कुठलीही येऊ देत. दोन, अमुक अक्षर अमुक घरातच हवं, म्हणजे पाच अक्षरी शब्दात दुसरं ए आणि शेवटचं वाय. तीन, फक्त याच अक्षरांतून शब्द बनवायचा, बाहेरचं एकही नको, स्क्रॅबलमध्ये हातातल्या सात टाइल्सचं असतं तसं. चार, अमुक अक्षरं नकोतच.

वर्डलमध्ये एक, दोन आणि चार एकत्र येतात. स्क्रॅबलमध्ये मुख्यतः तीन, आणि बोर्डवर आधीच असलेल्या अक्षराला जोडायचं म्हणून त्यात दोनचा तडका. स्पेलिंग बीमध्ये सात अक्षरं देतात, तीच वापरायची, कितीही वेळा वापरा, पण मधलं अक्षर आलंच पाहिजे आणि शब्द किमान चार अक्षरी. म्हणजे तीन आणि एक.

आता हे वाचून कुणी म्हणेल एवढं काय त्यात. पण शब्द शोधून देणाऱ्या वेबसाइटवर गेलात ना की तिथे पाच-सहा रिकामे चौकोन असतात, आणि चुकीच्या चौकोनात अक्षरं टाकली की भलतीच यादी येते. मी कितीतरी दिवस 'कंटेन्स'च्या चौकोनात ए आणि आर टाकायचे आणि फक्त एआर असे चिकटून येणारेच शब्द मिळायचे, पार्टी, मार्च वगैरे. ट्रेन किंवा ब्रेड दिसायचेच नाहीत कारण त्यात ते एकमेकांना चिकटून त्या क्रमाने नाहीत. काही साइटवर याच चौकोनाचा अर्थ 'कुठेही' असतो, काहींवर 'सलग'. म्हणून नव्या साइटवर आधी आपल्याला पाठ असलेल्या शब्दावर ती तपासून बघा, मगच विश्वास ठेवा.

२. कान बंद, डोळे उघडे

ही पायरी इंग्रजी मीडियमवाल्यांना समजावी लागत नाही, आपल्याला लागते.

एकदा मी के असलेला शब्द शोधत होते आणि तोंडाने 'क, क, क' पुटपुटत होते. डोक्यात येत होते कॅट, कप, कॉफी, कार. एकातही के नाही! लेक शेजारी बसून अभ्यास करत होती, ती वैतागून म्हणाली, "आई, तू उच्चार शोधतेयस, स्पेलिंग शोध ना." तिथे माझी ट्यूब पेटली.

आपली लिपी जशी ऐकू येते तशी लिहिली जाते (साधारणपणे, ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं बाजूला ठेवू). त्यामुळे आपलं डोकं शब्द आवाजाप्रमाणे लावून ठेवतं. इंग्रजीत एका आवाजाला पाच दारं असतात. 'क' बघा: कॅटमध्ये सी, किंगमध्ये के, बॅकमध्ये सीके, स्कूलमध्ये सीएच, बँकेच्या चेकमध्ये ब्रिटिश स्पेलिंगप्रमाणे क्यूयूई. 'फ' म्हटलं तर फॅनला एफ, फोनला पीएच, कफला जीएच. 'श' तर कहरच आहे, शिपमध्ये एसएच, स्टेशनमध्ये टीआय, मशीनमध्ये सीएच, मिशनमध्ये डबल एस, शुगरमध्ये नुसता एस. 'झ'चा आवाज रोझमध्ये आहे पण तिथे झेड नाही, झायलोफोनमध्ये आहे तर तो चक्क एक्सने सुरू होतो.

यासाठी मी वहीत प्रत्येक आवाजाला एक पान दिलं. 'न' या पानावर एन तर आहेच, पण केएन (नाइफ, नी, नॉक), जीएन (नॅट, नोम), पीएन (न्यूमोनिया). 'र'च्या पानावर डब्ल्यूआर (रिस्ट, राँग, रॅप) आणि आरएच (राइम, ऱ्हिदम). म्हणजे हातात के आणि एन दोन्ही असले की मला आता 'न'चं पान आठवतं, 'क'चं नाही.

दुसरी युक्ती शाळेतलीच. बुधवारचं स्पेलिंग आपण कसं पाठ केलेलं, वेड-नेस-डे! तसंच, जसं लिहिलंय तसं मराठीत मोठ्याने वाचायचं. कनाइफ. व्रिस्ट. प्साल्म. डेब्ट. लोकलमध्ये करू नका, लोक बघतात, मी रबाळे ते ऐरोली 'व्रिस्ट व्रिस्ट' करत गेलेय. पण मुकी अक्षरं लक्षात राहतात याने, आणि मुक्या अक्षरांचे शब्दच ऐन वेळी आठवत नाहीत.

३. कुठली डिक्शनरी, हे खेळाआधी ठरवा

मी यात सपाटून आपटलेय. गणपतीत सोसायटीची स्पर्धा होती, मी एका साइटवर पाहिलेला शब्द ठेवला, समोरच्याने चॅलेंज केलं, ठरलेल्या यादीत तो नव्हता, टाइल्स परत घेतल्या आणि पाळी गेली. शब्द इंग्रजीत होता की नाही याने काही फरक पडत नाही, ठरलेल्या यादीत आहे का एवढंच बघतात.

स्क्रॅबलसाठी अमेरिका आणि कॅनडा यांची यादी वेगळी आहे, बाकी बहुतेक ठिकाणी, आपल्याकडच्या स्पर्धांतसुद्धा, कॉलिन्सची यादी चालते. कॉलिन्स मोठी आहे, २०१९च्या आवृत्तीत जवळजवळ २ लाख ८० हजार शब्द. नुसते दोन अक्षरी शब्द घ्या, त्या आवृत्तीत ते १२७ आहेत तर अमेरिकन यादीच्या २०१८च्या आवृत्तीत १०७. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेत नाही.

वर्डलचं उलटं. जॉश वॉर्डल या इंजिनिअरने तो बनवला, २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि २०२२च्या जानेवारीअखेर न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. तिथे स्पेलिंग अमेरिकन. आपण शाळेत फेव्हर, ह्यूमर यू घालून सहा अक्षरी शिकलो, तिथे ते यू गाळून पाच अक्षरी होतात. आणखी एक, तिथे टाइप करायला हजारो शब्द चालतात पण उत्तर म्हणून येणारे त्यातले थोडेच, सगळ्यांना माहीत असलेले असतात. म्हणून साइटने दिलेल्या यादीतला भलताच चमत्कारिक शब्द वर्डलचं उत्तर असण्याची शक्यता कमीच.

आणि हो, विशेषनामं, लघुरूपं, मध्ये रेघ असलेले शब्द स्क्रॅबलला चालत नाहीत.

४. शोधायची साधनं

साधनांचे तीन प्रकार मी वापरलेत.

पहिला, पॅटर्नने शोधणाऱ्या साइट. वनलूक त्यातली जुनी आणि बरी आहे. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि फुली (*) म्हणजे कितीही अक्षरं किंवा एकही नाही. ही दोन चिन्हं कळली की निम्मं काम झालं, कारण हीच चिन्हं इतर बऱ्याच ठिकाणी चालतात. सुरुवातीला फुली आणि मग जे टाकलंत की जे-ने संपणारे शब्द. पण तिथे विशेषनामं आणि दोन-तीन शब्दांच्या जोड्याही येतात, त्या गाळायच्या.

दुसरा, झिझिवा नावाचं फुकट सॉफ्टवेअर. स्क्रॅबलच्या स्पर्धा खेळणारे हेच वापरतात. यात पॅटर्न, हातातल्या अक्षरांतून होणारे शब्द, अमुक असलेले, अमुक नसलेले, सगळे प्रकार वेगळे मांडलेत, म्हणून पहिल्या पायरीतला गोंधळ होत नाही. दिसायला रूक्ष आहे. नाव एका दक्षिण अमेरिकन भुंग्याचं, कारण तो शब्द बऱ्याच इंग्रजी डिक्शनऱ्यांत अगदी शेवटी येतो.

तिसरा, एक्सेल, आणि मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो. दिवसभर त्यातच नोकरी असते म्हणून असेल. एनेबल नावाची शब्दांची यादी कुणालाही मोफत वापरता येते, साधारण पावणेदोन लाख शब्द, साधी टेक्स्ट फाइल. ती डाउनलोड करायची, एक्सेलमध्ये पहिल्या कॉलममध्ये पेस्ट करायची, शेजारच्या कॉलममध्ये एलईएनचा फॉर्म्युला टाकून प्रत्येक शब्दाची अक्षरं मोजायची, वर फिल्टर लावायचं. मग टेक्स्ट फिल्टरमध्ये कस्टम फिल्टर उघडा, तिथे एकाच वेळी दोन अटी घालता येतात. पहिली अट 'कंटेन्स क्यू', दुसरी 'डझ नॉट कंटेन क्यूयू', मध्ये 'अँड'. झालं, क्यूनंतर यू नसलेले शब्द समोर. प्रश्नचिन्ह आणि फुली इथेही चालतात.

एक खड्डा आहे. पेस्ट करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करून घ्या. नाहीतर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द एक्सेल शब्द म्हणून धरतच नाही, त्याला ते स्वतःचे खरं-खोटं वाटतात आणि फिल्टरमध्ये सापडत नाहीत. टीआर-ने सुरू होणारे चार अक्षरी शब्द शोधताना मला ट्रू दिसेना तेव्हा मी डोळे चोळून बघत होते.

मोबाईलवर शब्द शोधायची जी असंख्य ॲप्स आहेत त्यांबद्दल एवढंच सांगते की शब्द शोधायला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परवानगी कुणी मागत असेल तर उडवून टाका. एका ॲपने तर दर दोन शब्दांनी जाहिरात दाखवून माझा दिवसाचा डेटा सीवूड्स येईपर्यंत संपवला होता.

५. वर्डल: एक उदाहरण करून बघू

नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक खेळ पूर्ण मांडते. वहीत पाच घरं आखा आणि शेजारी लिहा, कशाला परवानगी नाही.

पहिला शब्द मी स्लेट टाकते, एस-एल-ए-टी-ई. सगळी नेहमीची अक्षरं आहेत त्यात. समजा ए पिवळा आला आणि बाकी चारही राखाडी. म्हणजे ए आहे पण तिसऱ्या घरात नाही. एस, एल, टी, ई कटाप.

दुसरा शब्द रेडिओ, आर-ए-डी-आय-ओ. आर पिवळा, ए हिरवा, बाकी राखाडी. म्हणजे दुसऱ्या घरात ए पक्का, आर आहे पण पहिल्या घरात नाही, आणि डी, आय, ओ सुद्धा गेले. आता पॅटर्न असा: ? ए ? ? ? आणि आर पुढच्या तीन घरांत कुठेतरी.

काय काय उरतं? मार्च, पार्च, कॅरी, मॅरी, पॅरी, हॅरी, हार्पी, बार्मी, पार्का, कर्मा. (कॅरी म्हणजे वाहून नेणे, मॅरी लग्न, पॅरी वार चुकवणे, हॅरी छळणे. राजपुत्र नव्हे.) दहा शब्द आणि उरलेत चार प्रयत्न.

नवीन माणूस इथे काय करतो, कॅरी टाकतो, मग मॅरी, मग पॅरी, मग हॅरी, आणि खेळ संपतो. एकेका अक्षरावर एकेक प्रयत्न उधळायचा नसतो. त्याऐवजी असा शब्द टाका जो उत्तर नाहीये हे आपल्यालाही माहीत आहे, पण शंकेतली अक्षरं एका दमात तपासतो. इथे चॅम्प. सी, एच, एम, पी चारही एका शब्दात! समजा त्यात चौथ्या घरातला एम हिरवा आला आणि सी, एच, पी राखाडी. (ए पिवळा दिसेल, कारण तो तिसऱ्या घरात नाहीच, ते आपल्याला माहीतच होतं.) मग उरले दोनच, बार्मी आणि कर्मा. बार्मी म्हणजे चक्रम, शब्द ब्रिटिश वळणाचा, म्हणून आधी कर्मा, के-ए-आर-एम-ए. पाचही हिरवे.

आपलाच शब्द, संस्कृतातून गेलेला, आणि तो आपल्याला शेवटी सुचतो. कारण त्यात ए दोनदा आहे. एक ए सापडला की आपण तो विषय संपला असं धरतो, आणि दुसरा ए असू शकतो हे डोक्यातच येत नाही. याची उलट बाजूही आहे: तुम्ही एखादं अक्षर दोनदा टाकलंत आणि एक हिरवं, एक राखाडी आलं तर ते अक्षर उत्तरात नाही असा अर्थ होत नाही, एकदाच आहे असा होतो. माझी सुरुवातीची निम्मी हार याच घोळातली.

हार्ड मोड लावला असेल तर मात्र चॅम्पची युक्ती चालणार नाही, तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात आणि हिरवा ए दुसऱ्या घरातच ठेवावा लागतो.

६. स्क्रॅबलमधली आडदांड अक्षरं

ज्याची भीती वाटते त्याचीच छोटी यादी पाठ करा. सगळी डिक्शनरी पाठ करायला कुणी सांगितलेलं नाही.

क्यूला दहा गुण आणि आपला समज असा की यू नसेल तर क्यू वाया. काका मला ज्याने मारायचे तो शब्द क्यू-आय, उच्चार 'ची', चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. दोन अक्षरी शब्दांत क्यू असलेला हा एकच. पुढचे तर आपल्याला फुकटात मिळालेत, कारण अरबी-फारसीतून आलेले शब्द इंग्रजीत क्यूने लिहितात: तलाक, वक्फ, कव्वाली, फकीर, नकाब, बुरखा. टी-ए-एल-ए-क्यू. डब्ल्यू-ए-क्यू-एफ. कव्वालीला तर सातच्या सात टाइल लागतात, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, आणि सातही एकदम लावल्या की वर ५० बोनस. नकाब एन-आय-क्यू-ए-बी, फकीर एफ-ए-क्यू-आय-आर. बुरख्यात यू आहे पण क्यूच्या आधी, बी-यू-आर-क्यू-ए.

जे शेवटी येणारे इंग्रजी शब्द बोटावर मोजण्याइतके, आणि ते बहुतेक आपल्याकडचेच: राज, ताज, स्वराज. एक्सला आठ गुण, पण तो दिसतो तितका अवघड नाही, ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू, स्वराशेजारी कुठेही बसतो. झेडला झेड-ए आणि झेड-ओ. के-साठी के-ए, के-आय, के-ओ, के-वाय.

सगळ्यात कुजकं अक्षर माझ्या मते व्ही. गुण चारच आणि व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. त्यामुळे बोर्डवर व्हीच्या बाजूला काही चिकटवायला जागा मिळत नाही. हातात आला की लवकर काढून टाकायचा.

सगळे व्यंजन आले तर वायवाले शब्द आठवा, ऱ्हिदम, निम्फ, लिंक्स, मिऱ्ह. वायसुद्धा नसेल तर सी-डब्ल्यू-एम, वेल्श भाषेतून आलेला, डोंगरातली खोलगट दरी. पीएसएसटी, एचएमएम, एसएचएच हे आवाजसुद्धा चालतात. उलट सगळे स्वर आले तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई अशा दोन-दोनने हलकं व्हायचं, किंवा ऑडिओ, अडिऊ, ईरी (ई-ई-आर-आय-ई).

आणि स्वयंपाकघरात बघा की! इडली, डोसा, पुरी, रोटी, दाल, रायता, पनीर, घी, समोसा, सगळं कॉलिन्समध्ये आहे. घी तर जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय दोन्ही. लाख, क्रोर, साडी, धोतर (धोती म्हणून), तबला, सतार, वीणा, लाठी, बंद (बी-ए-एन-डी-एच). लाखमध्ये के आणि एच दोन्ही जड अक्षरं संपतात. मात्र स्पेलिंग यादीतलंच हवं, आपण व्हॉट्सॲपवर लिहितो ते नाही.

७. मोबाईलशिवाय, हातातल्या सात टाइल्समधून

मोबाईल घरच्या सरावाला. खेळताना तो पिशवीत. खेळ चालू असताना साइटवर शोधणं ही सरळ चोरी आहे, आणि खरं सांगायचं तर मजाही राहत नाही.

टाइल्स आल्या तशा रांगेत ठेवू नका, डोळा त्याच क्रमात अडकतो. आधी शेपट्या वेगळ्या काढा: आयएनजी, ईआर, ईडी, आयईआर, ईएसटी. मग डोक्याकडून लागणारे आरई, यूएन. जे उरतं त्याचं धड बनतं का ते बघा. शेपटी जमत नसेल तर टाइल्स गोल मांडा, घड्याळासारख्या, सुरुवात कुठून ते कळेनासं होतं आणि नवीन जोड्या दिसायला लागतात. माझ्या छोट्या रॅकवर गोल मावत नाही म्हणून मी मनातल्या मनात करते, आता सवय झाली.

सरावाला त्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यांतून ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात काढा आणि दहा मिनिटं लावून बसा. यातून सातही वापरून होणारे बरेच शब्द आहेत: नॅस्टियर, रिटेन्स, रेटिनाज, स्टेनर, अँट्सियर. दोन-तीन सापडले तरी छान. सापडलेले शब्द वहीत लिहिताना त्यांच्या आधी अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून लिहा, ए-ई-आय-एन-आर-एस-टी, आणि पुढे शब्द. पुढच्या वेळी तीच सात अक्षरं कशीही आली तरी ओळीने लावलीत की वहीचं पान आठवतं. हे ठाणे ते घणसोली बसायला जागा मिळाली तर रोज जमतं, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. उभं असाल तर दोन अक्षरीच पाठ करा.

एस आणि कोरी टाइल लवकर उडवू नका. आठ-दहा गुणांसाठी एस टाकलात तर तो मी तरी वाया गेला म्हणते, त्याने दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून स्वतःचा आडवा शब्दही काढता आला पाहिजे.

८. शेवटाकडे

पिशवी रिकामी होत आली की कुठली अक्षरं बाहेर यायची राहिलीत ते मोजा, वरचा शंभरचा हिशोब त्यासाठीच दिलाय. एकच क्यू, एकच झेड, दिसले नसतील तर समोरच्याकडे आहेत किंवा पिशवीत. काका हे कागदाच्या कोपऱ्यावर बारीक रेघा मारून करतात, मी आधी समजायचे की ते दुधाचा हिशोब करतायत.

चॅलेंज करायचं तर शब्द ठेवल्यावर लगेच, पुढची पाळी खेळून झाल्यावर नाही. चॅलेंज फुकट गेलं तर काय दंड ते जागोजागी वेगळं असतं, आमच्याकडे पाच गुण, तुमच्याकडे सुरुवातीलाच विचारून घ्या.

आणि क्यू हातात घेऊन बसू नका, चांगली जागा मिळेल मिळेल करत. समोरचा आधी संपला तर तुमचे दहा वजा होतात आणि तेच दहा त्याला मिळतात, म्हणजे वीसचा फटका. मागच्या शनिवारी मी काकांवर सोळाने पुढे होते.